मैत्री सरकारशी की राष्ट्राशी?

युद्ध रणांगणावर लढले जाते हे खरे. पण लोकशाही देश ज्या युद्धात उतरतात, त्याचा निकाल पुष्कळदा मतपेटीतही लागतो. सैन्य कोठे पाठवायचे हे सरकार ठरवते आणि सरकार कोणाचे हे मतदार ठरवतात. त्यामुळे आपल्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभा असलेला मित्र पुढच्या निवडणुकीनंतरही तेथेच उभा असेल का, हा प्रश्न प्रत्येक युद्धकालीन आघाडीच्या मुळाशी असतो. या प्रश्नाचा अभ्यास करायचा असेल तर ऑस्ट्रेलियातील २००४ आणि २००७ च्या राष्ट्रीय निवडणुकांसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. एकाच युद्धाच्या काळात, एकाच पंतप्रधानाच्या नेतृत्वाखाली, अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने त्या देशाने दोन परस्परविरुद्ध कौल दिले. त्या दोन्ही कौलांचा वॉशिंग्टनने जो अर्थ लावला आणि त्यांचा जो खरा अर्थ होता, त्यांत बरेच अंतर होते. त्या अंतरात आपल्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

२००३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेने इराकवर स्वारी केली तेव्हा प्रत्यक्ष आक्रमणात सैन्य देणारे देश बोटांवर मोजण्याइतके होते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या पाठोपाठ ऑस्ट्रेलियाचे नाव होते. सुमारे दोन हजार सैनिक, युद्धनौका, लढाऊ विमाने आणि पश्चिम इराकच्या वाळवंटात उतरलेले विशेष पथक, असा त्या देशाचा सहभाग होता. संख्या लहान, पण राजकीय मोल मोठे. जर्मनी व फ्रान्स विरोधात उभे असताना आपण एकटे नाही, हे जगाला दाखविण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना अशा मित्रांची नितांत गरज होती.

मात्र ऑस्ट्रेलियाचे हे पाऊल देशाच्या एकमुखी संमतीने पडलेले नव्हते. फेब्रुवारी २००३ मध्ये तेथील सिनेटने सैन्य पाठविण्याच्या प्रश्नावर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव संमत केला. सिनेटच्या शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासात पंतप्रधानावर असा ठराव प्रथमच झाला. सरकार टिकते ते प्रतिनिधी सभेच्या विश्वासावर, त्यामुळे हॉवर्ड यांचे आसन हलले नाही. पण राष्ट्र दुभंगले असल्याची नोंद झाली. शहरांतून प्रचंड मोर्चे निघाले. त्याआधी जानेवारीत ‘कनिम्ब्ला’ ही युद्धनौका सिडनीहून निघाली, तेव्हा विरोधी मजूर पक्षाचे नेते सायमन क्रीन यांनी निरोप समारंभात सैनिकांसमोर उभे राहून सांगितले की, तुम्हाला पाठविण्याचा निर्णय मला मान्य नाही, परंतु तुमच्या पाठीशी मी आहे. सैनिकाच्या शौर्याचा आदर आणि सरकारच्या धोरणाला विरोध या दोन गोष्टी एकाच श्वासात बोलता येतात, हे या प्रसंगातून दिसले. पण वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या कोणाही जाणत्या मुत्सद्द्याला त्याच वेळी उमगायला हवे होते की, आपल्याला मिळालेला होकार अर्ध्या देशाचाच आहे.

स्पेनचा धडा आणि लेथम यांचे वचन

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या उपनगरी रेल्वेगाड्यांत स्फोट झाले आणि १९० हून अधिक निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. तीनच दिवसांनी झालेल्या निवडणुकीत अझ्नार यांचा पक्ष पराभूत झाला आणि झापातेरो यांचे समाजवादी सरकार आले. नव्या सरकारने आपले सुमारे तेराशे सैनिक इराकमधून लगोलग परत बोलावले. दहशतवाद्यांनी एका लोकशाही देशाचे सरकार बदलून दाखविले, अशी प्रतिक्रिया तेव्हा सर्वत्र उमटली. ती पूर्णपणे खरी नव्हती. सैन्य परत आणण्याचे वचन झापातेरो यांनी स्फोटांच्या कितीतरी आधी दिले होते, आणि स्फोटांचा ठपका घाईघाईने बास्क फुटीरांवर ठेवणाऱ्या सरकारवर मतदार चिडले होते. तरीही जिहादी गटांना त्या निकालातून जो संदेश मिळायचा तो मिळालाच.

याच पार्श्वभूमीवर, स्पेनच्या निकालानंतर थोड्याच दिवसांनी, मजूर पक्षाचे नवे नेते मार्क लेथम यांनी एका नभोवाणी मुलाखतीत जाहीर केले की, आपले सरकार आले तर ऑस्ट्रेलियाचे सैनिक नाताळापर्यंत मायदेशी परततील. जूनमध्ये हॉवर्ड वॉशिंग्टनला गेले असता बुश यांनी त्यांच्या शेजारी उभे राहून ही माघार अनर्थकारक ठरेल, असे भाष्य केले. एका सार्वभौम देशाच्या विरोधी पक्षाच्या भूमिकेवर परदेशी राष्ट्राध्यक्षाने निवडणुकीच्या तोंडावर अशी टिप्पणी करावी, हे शिष्टसंमत नव्हते. पण त्यातून अमेरिकेची चिंता किती खोल होती ते दिसते. स्पेन गेला होता. जुलैमध्ये एका अपहृत ट्रकचालकाच्या सुटकेसाठी फिलिपाइन्सनेही आपली छोटी तुकडी मागे घेतली. अशा वेळी ऑस्ट्रेलियाही गेला असता, तर नोव्हेंबरमधील स्वतःच्या निवडणुकीला सामोरे जाताना बुश यांच्यापाशी ‘मित्रांची आघाडी’ म्हणून दाखविण्यासारखे फारसे काही उरले नसते.

ऑगस्टमध्ये ४३ निवृत्त सेनाधिकारी व राजनैतिक अधिकाऱ्यांनी सरकारच्या इराक धोरणावर टीका करणारे निवेदन प्रसिद्ध केले. ९ सप्टेंबरला जकार्ता येथील ऑस्ट्रेलियन दूतावासासमोर स्फोट झाला. मतदानाला बरोबर एक महिना उरला होता. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये बालीत झालेल्या स्फोटांत २०२ माणसे मारली गेली होती आणि त्यांतील ८८ ऑस्ट्रेलियन होती. ती जखम अजून ओली होती. मतदानाला जेमतेम तीन दिवस उरले असताना अमेरिकेच्याच तपास पथकाचा अहवाल आला, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी युद्ध पुकारले त्यांचे साठे इराकपाशी नव्हतेच, हे त्यात नमूद होते. असा सगळा दारूगोळा जमलेला असताना ९ ऑक्टोबर २००४ ला मतदान झाले.

निकाल काय लागला? हॉवर्ड यांच्या लिबरल-नॅशनल युतीला १५० पैकी ८७ जागा मिळाल्या, मजूर पक्ष ६० वर थांबला. हॉवर्ड सलग चौथ्यांदा निवडून आले, तेही पूर्वीपेक्षा अधिक बळ घेऊन. एवढेच नव्हे, तर सिनेटमध्येही ७६ पैकी ३९ जागा त्यांच्याकडे आल्या. दोन्ही सभागृहांवर अशी हुकमत कोणत्याही सरकारला दोन दशकांहून अधिक काळात लाभली नव्हती.

जनादेश कशाचा होता?

वॉशिंग्टन आणि लंडनमध्ये या निकालाचे स्वागत झाले ते ‘युद्धाला मिळालेला पाठिंबा’ म्हणून. युद्धात उतरलेला एक नेता मतदारांसमोर उभा राहिला आणि जिंकला. नोव्हेंबरमध्ये बुश जिंकले आणि मे २००५ मध्ये ब्लेअरही. तेव्हा इराकच्या युद्धाला तीन लोकशाहींची मान्यता मिळाली, असा हिशेब मांडला गेला. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो.

परंतु ऑस्ट्रेलियाच्या निवडणूक पद्धतीकडे नीट पाहिले की हा हिशेब कोलमडतो. त्या देशात १९२४ पासून मतदान सक्तीचे आहे. सबळ कारणाशिवाय मत न देणाऱ्याला दंड होतो. परिणामी नव्वद टक्क्यांहून अधिक नागरिक मतदानाला जातात. एखाद्या प्रश्नावर पेटून उठलेले आंदोलक जसे मत देतात, तसाच राजकारणात फारसा रस नसलेला शहराबाहेरच्या वस्तीतील कुटुंबप्रमुखही देतो. आणि सत्ता कोणाची हे पुष्कळदा तोच ठरवतो. त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज असते. हॉवर्ड यांनी नेमके हे ओळखले होते. २९ ऑगस्टला निवडणुकीची घोषणा करतानाच त्यांनी प्रश्न विश्वासाचा केला. आणि त्या विश्वासाच्या यादीत अर्थव्यवस्था व व्याजदर आधी, दहशतवादाशी लढा नंतर, असा क्रम होता. अननुभवी लेथम यांच्या हाती कारभार गेला तर तुमच्या गृहकर्जाचा हप्ता वाढेल, हे भय प्रचारात घरोघर पोचविले गेले. तस्मानियाच्या जंगलांच्या प्रश्नावर तर लाकूडतोडीच्या धंद्यावर जगणारे, परंपरेने मजूर पक्षाचे असलेले कामगारच हॉवर्ड यांच्यामागे उभे राहिले.

म्हणजे मतदाराने कौल दिला तो हप्त्याच्या बाजूने. युद्ध त्याला फारसे जाचत नव्हते, कारण त्याची किंमत त्याच्या दारापर्यंत आली नव्हती. सैनिक थोडे होते, ते व्यावसायिक होते, सक्तीची भरती नव्हती आणि इराकमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातील एकही जण शत्रूशी लढताना मरण पावला नाही. अशा युद्धाला मतदार जो ‘पाठिंबा’ देतो, तो पुष्कळदा उदासीनतेचेच दुसरे रूप असतो. आणि उदासीनतेवर उभारलेली आघाडी पहिल्या जोराच्या वाऱ्याने हलते.

हॉवर्ड यांनी मिळालेल्या सत्तेचा उपयोग मित्रासाठी केला, हे मान्य केले पाहिजे. प्रचारकाळात सैन्यात मोठी वाढ करण्याचा विचार नाही, असे सांगितले गेले होते. पण फेब्रुवारी २००५ मध्ये आणखी ४५० सैनिक दक्षिण इराकच्या मुथन्ना प्रांतात धाडण्याचा निर्णय झाला. तेथे जपानचे अभियंते पुनर्बांधणीचे काम करीत होते आणि त्यांना संरक्षण देणारे डच सैन्य परत निघाले होते. एका मित्राने सोडलेली जागा दुसऱ्याने भरली. २००४ मध्येच झालेला अमेरिका-ऑस्ट्रेलिया मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००५ पासून अमलात आला. मैत्रीचे व्याज असे दोन्हीकडून दिले-घेतले जात होते.

तीन वर्षांनंतर

ज्या विजयाने हॉवर्ड यांना शिखरावर नेले, त्यातच त्यांच्या पराभवाचे बीज होते. सिनेटमध्ये बहुमत मिळाल्यामुळे अडविणारे कोणी उरले नाही आणि त्यांनी कामगार कायद्यांत आमूलाग्र बदल केले. २००६ च्या मार्चपासून लागू झालेल्या या कायद्याने सामान्य नोकरदार बिथरला. व्याजदर तर वाढतच गेले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन प्रचारात, रिझर्व्ह बँकेने पुन्हा दर वाढविला आणि तो पावणेसात टक्क्यांवर गेला. ज्या मुद्द्यावर २००४ जिंकले त्याच मुद्द्यावर २००७ हातातून निसटले. २४ नोव्हेंबर २००७ ला मजूर पक्षाने केव्हिन रड यांच्या नेतृत्वाखाली ८३ जागा जिंकल्या. हॉवर्ड स्वतःच्या बेनेलाँग मतदारसंघातही पराभूत झाले. पदावरील पंतप्रधानाने आपली जागा गमावण्याची ही १९२९ नंतरची पहिलीच वेळ होती.

रड यांनी जून २००८ मध्ये इराकमधील सुमारे साडेपाचशे सैनिकांची लढाऊ तुकडी परत आणली. ज्या गोष्टीला बुश यांनी चार वर्षांपूर्वी अनर्थ म्हटले होते ती घडली. आणि अनर्थ झाला नाही. का झाला नाही, हे पाहण्यासारखे आहे. रड यांनी माघार आधी जाहीर केली, मतदारांकडून तिच्यावर शिक्कामोर्तब करून घेतले आणि अमेरिकेशी सल्लामसलत करून, टप्प्याटप्प्याने ती पार पाडली. त्याच वेळी अफगाणिस्तानातील आपली जबाबदारी सोडली नाही. उलट २००९ मध्ये तेथील सैन्य सुमारे ११०० वरून १५५० पर्यंत वाढविले. त्या युद्धात ऑस्ट्रेलियाने पुढे आपले ४१ सैनिक गमावले, तरी दोन्ही प्रमुख पक्षांचा पाठिंबा डळमळला नाही. इराकमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यासाठी दुभाषे म्हणून काम केलेल्या आणि त्यामुळे प्राणभय निर्माण झालेल्या शेकडो इराकींना त्यांच्या कुटुंबीयांसह आश्रय देण्याचा निर्णयही याच सरकारचा. युद्धातील मित्र म्हणजे केवळ बलाढ्य राष्ट्रे नव्हेत, आपल्या भरवशावर प्राण पणाला लावणारा परमुलखातील सामान्य माणूसही मित्रच असतो, याची ही जाणीव होती.

दोन युद्धे, एकच मित्र, तरी वागणे निराळे. याचे कारण इराक हे एका पंतप्रधानाने दिलेले वचन होते. अफगाणिस्तानची मोहीम राष्ट्राने, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी, स्वीकारलेली होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर १९५१ च्या अँझस कराराचा आधार प्रथमच घेण्यात आला, तेव्हा मजूर पक्षही त्याच्या बाजूने उभा होता. एवढ्या एका फरकाने एक आघाडी पाच वर्षांत संपली आणि दुसरी वीस वर्षे टिकली.

जुन्या पानांची साक्ष

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात हे नवे नाही. १९६६ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना शेवटपर्यंत साथ देण्याची ग्वाही दिली. जॉन्सन स्वतः ऑस्ट्रेलियाला येऊन गेले आणि महिन्याभरात होल्ट यांनी निवडणूक भरघोस मतांनी जिंकली. व्हिएतनामच्या युद्धाला तो कौल समजला गेला. पण तेथे सक्तीची भरती होती, आणि पाचशेहून अधिक तरुणांचे प्राण गेले. युद्धाची किंमत घराच्या उंबरठ्यापर्यंत आली. सहा वर्षांनी, डिसेंबर १९७२ मध्ये, गॉफ व्हिटलम निवडून आले आणि त्यांनी पहिल्याच दिवसांत सक्तीची भरती बंद केली. वॉशिंग्टन संतापले, पण अँझस करार टिकला आणि मध्य ऑस्ट्रेलियातील पाइन गॅपचा संयुक्त तळही टिकला.

त्याही मागे गेलो तर १९४२ चा फेब्रुवारी दिसतो. सिंगापूर पडले होते. मध्यपूर्वेतून परतणारी ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन रंगूनच्या बचावासाठी ब्रह्मदेशात उतरवावी, असा चर्चिल यांचा आग्रह होता. जहाजे त्या दिशेने वळविलीही गेली. मजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी ठाम नकार दिला. आधी माझ्या देशाचे रक्षण, मग साम्राज्याचे. रंगून मार्चमध्ये पडलेच. ती एक डिव्हिजनही बहुधा त्याबरोबर गारद झाली असती. कर्टिन मित्रद्रोही होते का? पुढे याच सैनिकांनी न्यू गिनीच्या डोंगरांत जपानी सैन्याला रोखण्यात मोठा वाटा उचलला आणि १९४३ च्या ऑगस्टमध्ये मतदारांनी कर्टिन यांना प्रचंड बहुमत दिले. आपल्या भूमीचा विचार आधी करणारा मित्र हा वाईट मित्र नसतो. त्याच्याकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते.

आपल्या दाराशी

२००७ च्या त्या निकालाची झळ भारतालाही लागली, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ऑगस्ट २००७ मध्ये हॉवर्ड सरकारने भारताला युरेनियम विकण्याची तयारी दाखविली होती. रड यांच्या सरकारने २००८ च्या जानेवारीत ती मागे घेतली. २००७ मध्ये अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा चौघांच्या संवादाला सुरुवात झाली होती. सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात मलबार सरावात या देशांच्या युद्धनौका एकत्र आल्या होत्या. फेब्रुवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांना शेजारी उभे करून सांगितले की, असा संवाद पुन्हा व्हावा असा प्रस्ताव ऑस्ट्रेलिया मांडणार नाही. एका सत्तापालटाने दोन दारे बंद झाली.

ती पुन्हा उघडायला किती काळ लागला? मजूर पक्षाने युरेनियमबाबतची बंदी २०११ च्या डिसेंबरमधील अधिवेशनात उठविली आणि करारावर सही झाली २०१४ मध्ये. चौघांचा संवाद २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि मलबार सरावात ऑस्ट्रेलिया २०२० मध्ये परतला. हा विलंब आपल्याला काय सांगतो? हॉवर्ड यांची भारताविषयीची आस्था खरी होती. पण विरोधी पक्षाला सोबत घेऊन तिचे राष्ट्रीय धोरण झालेले नव्हते.

नंतर मात्र चित्र पालटले. एप्रिल २०२२ मध्ये मॉरिसन सरकारने भारताशी व्यापार करार केला. मे महिन्यात सत्तापालट झाला. नवे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ते टोकियोत चौघांच्या शिखर बैठकीला बसले होते. आधीच्या सरकारने केलेला व्यापार करार त्यांच्याच सरकारच्या काळात डिसेंबरमध्ये लागू झाला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये मलबार सराव प्रथमच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत झाला. या वेळी सरकार बदलले, मैत्री बदलली नाही. कारण या मधल्या काळात चीनच्या वर्तनाने तेथील दोन्ही पक्षांना एकाच निष्कर्षावर आणले होते.

आपण स्वतः मित्र म्हणून कसे वागलो, हेही या संदर्भात आठवावे. २००३ मध्ये इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवावे, अशी अमेरिकेची जोरदार मागणी होती. मोह मोठा होता. महासत्तेची मर्जी, पुनर्बांधणीची कंत्राटे, जगाच्या पटावर मान. अनेक विचारवंत ते सैन्य जावे म्हणून लिहीत होते. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने घाई केली नाही. संसदेने एप्रिलमध्ये एकमताने या युद्धाविषयी नापसंती नोंदविली होती, विरोधकांशी बोलणे झाले, आणि १४ जुलै २००३ ला संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य न पाठविण्याचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी दिल्लीत सत्ता बदलली, तरी हा निर्णय बदलला नाही. अमेरिकेशी संबंध बिघडले का? दोनच वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, अणुसहकार्याचे संयुक्त निवेदन झाले. सर्वांच्या संमतीने दिलेला नकार एका बाजूच्या होकारापेक्षा अधिक टिकाऊ ठरला, आणि मित्रानेही त्याचा मान राखला.

तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या त्या दोन निवडणुकांचा अर्थ असा लावावा. मित्रदेशातील निवडणुकीत आपला आवडता नेता जिंकला म्हणून हुरळून जाऊ नये आणि हरला म्हणून खचू नये. त्या नेत्याने दिलेल्या शब्दामागे त्याचा विरोधी पक्ष उभा आहे का, त्याच्या देशातील सामान्य माणसाला तो शब्द आपल्या हिताचा वाटतो का, हे आधी तपासावे. आणि आपण जेव्हा कोणाला शब्द देऊ, तेव्हा तो दिल्लीत उद्या कोणाचेही सरकार आले तरी पाळला जाईल, इतका विचार करून द्यावा. सैनिक सीमेपार जातो तो पक्षाच्या निशाणाखाली जात नाही, राष्ट्रध्वजाखाली जातो. त्याला पाठविणाऱ्या निर्णयामागेही सारे राष्ट्र उभे असले पाहिजे, हा त्याचा हक्क आहे.